तह खोटे नव्हते

अमेरिकेतल्या मूलनिवासींनी गोऱ्यांशी केलेल्या तहांचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते. जमीन विकता येते हेच ज्यांच्या गावी नव्हते, अशा निरक्षर माणसांकडून कागदावर फुल्या उमटवून घेतल्या गेल्या. ते तह आरंभापासून फसवे होते आणि आज ते रद्दीच्या मोलाचे आहेत. हे मत कणवेपोटी मांडले जाते, म्हणून त्याला कोणी हरकत घेत नाही. मी घेतो.

पूर्वपक्ष दुबळा नाही. त्याच्या हातातला सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे १८३५ चा न्यू इकोटाचा तह. चेरोकी जमातीच्या एका छोट्या गटाने सह्या करून मिसिसिपीच्या पूर्वेकडची सारी भूमी देऊन टाकली. सेनेटने हा तह जेमतेम एका मताने तारला. पुढच्या सक्तीच्या स्थलांतरात हजारो माणसे दगावली. ही फसवणूक नव्हे काय? होय, फसवणूकच. पण ती अडाण्यांची होती काय? चेरोकींची लेखी राज्यघटना १८२७ ची. त्यांचे स्वतःच्या लिपीतले वृत्तपत्र १८२८ पासून याच न्यू इकोटातून निघत होते. त्यांचे प्रमुख जॉन रॉस यांनी तहावर सही केलीच नाही. उलट हजारो चेरोकींच्या नावांनिशी वॉशिंग्टनकडे निषेध नोंदवला. सह्या करणाऱ्यांना राष्ट्राच्या वतीने बोलण्याचा अधिकार नव्हता, हा त्यांचा मुद्दा होता. याहून नेमका कायदेशीर आक्षेप कोणता असू शकतो? तह त्यांना कळला होता, म्हणूनच त्यांनी तो नाकारला.

आता १८६८ चा फोर्ट लॅरामीचा तह पाहा. आपल्या मुलखातून जाणाऱ्या बोझमन वाटेवरचे लष्करी किल्ले उठवावेत म्हणून लाकोटा जमातीचे नेते रेड क्लाउड दोन वर्षे लढले. वसंतात तहाचा मसुदा आला, इतरांनी सह्या केल्या, पण ते आले नाहीत. फौजा निघून गेल्या, ओस किल्ले जाळले गेले आणि मगच, नोव्हेंबरात, त्यांनी सही केली. ही भोळ्या माणसाची रीत नव्हे. तहाने ब्लॅक हिल्स या टेकड्यांसह मोठा प्रदेश लाकोटांसाठी राखला. बाराव्या कलमाने तर असे बजावले की प्रौढ पुरुषांपैकी किमान तीन चतुर्थांशांच्या सह्यांवाचून या राखीव भूमीचा कोणताही भाग देण्याचा करार वैध ठरणार नाही.

१८७४ मध्ये लष्करी अधिकारी कस्टर यांच्या मोहिमेला ब्लॅक हिल्समध्ये सोने सापडले. १८७६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने शिधा बंद करण्याची धमकी देऊन ही भूमी सोडण्यासाठी सह्या मागितल्या. त्या मिळाल्या सुमारे दहा टक्के. तरीही १८७७ मध्ये कायदा करून ब्लॅक हिल्स घेतल्या.

कणवाळू मताचा खरा दोष इथे उघडा पडतो. तह मुळातच पोकळ होता असे म्हटले, तर १८७७ साली मोडले काय? पोकळ वचन मोडता येत नाही. गुन्हा सिद्ध होतो तो तह खरा मानल्यावरच. मूलनिवासींची बाजू घेतो म्हणणारा अशाने वचन मोडणाऱ्यालाच मोकळे सोडतो.

हे तह मेले, हा दावाही टिकत नाही. न्यायालयांनी ते नेहमी राखले असे मी म्हणत नाही. तह एकतर्फी मोडण्याची मुभा काँग्रेसला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९०३ साली ठरवले होते. पण वॉशिंग्टन प्रांतातल्या जमातींनी १८५४ च्या मेडिसिन क्रीक तहात आणि त्यापाठोपाठच्या तहांत पूर्वापार जागी मासेमारीचा हक्क राखला होता. त्याच आधारे १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा त्यांना दिला आणि १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यतः कायम केला. रद्दीला असा वाटा मिळतो काय?

१९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने ब्लॅक हिल्सची भरपाई व्याजासह मान्य केली. रक्कम दहा कोटी डॉलरवर गेली. पुढे व्याजाने शंभर कोटी ओलांडली. लाकोटांनी ती घेतलेली नाही. त्यांना तहातली जमीन हवी आहे.

निवाडा वाचकांनी करावा. तो करण्यापूर्वी १८६८ च्या तहाचे बारावे कलम एकदा वाचावे, एवढीच विनंती.