टॉम नेर्न भावनेच्या आहारी गेले होते काय?

स्कॉटिश विचारवंत टॉम नेर्न मूळचे मार्क्सवादी, पण स्कॉटलंडच्या ओढीने राष्ट्रवादी झाले आणि विचारवंताचा प्रचारक झाला, असा डाव्यांमध्ये रुळलेला समज आहे. त्याचे सर्वांत वजनदार रूप इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी १९७७ सालीच मांडले. राष्ट्रवाद ही वस्तुस्थिती म्हणून ओळखणे वेगळे आणि कार्यक्रम म्हणून उराशी धरणे वेगळे, असा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता.

आक्षेप तोलामोलाचा आहे, पण नेर्न यांना तो लागू पडत नाही. टार्टनच्या चौकड्या आणि हायलंडच्या धुक्यावर पोसलेल्या स्वदेशप्रेमाची त्यांच्याइतकी निर्दय टिंगल लंडनच्या एखाद्या संपादकानेही क्वचितच केली असेल. ‘द ब्रेक-अप ऑफ ब्रिटन’ या त्यांच्या पुस्तकात त्यांना छळणारा प्रश्न वेगळाच आहे: स्कॉटलंडमध्ये राजकीय राष्ट्रवाद इतका उशिरा का आला? १७०७ मध्ये इंग्लंडशी एकीकरण होऊन स्वतःची संसद गेली, तरी चर्च, कायदा आणि शिक्षण स्कॉटलंडच्याच हाती राहिले. पुढे साम्राज्याच्या कमाईतही वाटा मिळाला. मग तिथल्या मध्यमवर्गाने बंड कशासाठी करावे? साम्राज्य आटले, उत्तर समुद्रात तेल लागले, तेव्हा हिशेब बदलला. हे विषम विकासाचे विश्लेषण आहे. यात मातृभूमीसाठी गाळलेले अश्रू शोधून सापडणार नाहीत. पुस्तकाच्या नावात स्कॉटलंड नाही, ब्रिटन आहे, हेही टीकाकार विसरतात. नेर्न यांचा रोख राजेशाहीच्या छायेत जुनाट राहिलेल्या राज्ययंत्रणेवर होता.

त्या यंत्रणेचा चिवटपणा त्यांनी कमी लेखला, हे मात्र मान्य करावे लागते. २०१४ च्या सार्वमतात ५५ टक्क्यांनी स्वातंत्र्य नाकारले. पण त्या मतदानाचे नियम पाहा. निकष वास्तव्याचा होता, वंशाचा नव्हता. एडिनबरोत कायदेशीर राहणारा भारतीय नागरिक, म्हणजे आपला एखादा मराठी माणूससुद्धा, मत देऊ शकत होता. लंडनला स्थायिक झालेल्या स्कॉटिश माणसाला तो हक्क नव्हता. रक्ताच्या राष्ट्रवादाची धास्ती घालणाऱ्यांनी याचा खुलासा करावा.

२०१६ मध्ये स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला, तरी त्यांना बाहेर पडावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, संमतीवाचून स्कॉटिश संसदेला नवे सार्वमत घेता येणार नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी नेर्न वारले.