टेलिमेडिसिनद्वारे वजन घटवण्याच्या औषधांसाठी रुग्णांची पूर्वतपासणी

टेलिमेडिसिनद्वारे वजन घटवण्याच्या औषधांसाठी रुग्णांची पूर्वतपासणी म्हणजे डॉक्टराच्या चिठ्ठीवरच मिळणारे स्थूलतेवरील औषध एखाद्या रुग्णास द्यावे की नाही, हे व्हिडिओ किंवा दूरध्वनी यांसारख्या दूरसंपर्क साधनांद्वारे ठरवण्याची वैद्यकीय प्रक्रिया होय. अपात्र किंवा धोक्यातील रुग्ण वेळीच ओळखून त्याला प्रत्यक्ष तपासणीसाठी पाठवणे, हा या प्रक्रियेचा गाभा आहे.

पार्श्वभूमी

भारतात यापूर्वी वापरात असलेली रिमोनाबँट व सिब्युट्रामाइन ही वजन घटवणारी औषधे दुष्परिणामांमुळे अनुक्रमे २००९ व २०११ मध्ये बंद करण्यात आली. मार्च २०२५ मध्ये टिरझेपाटाइड (व्यापारी नाव माउंजारो) आणि जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड (व्यापारी नाव वेगोवी) ही आठवड्यातून एकदा टोचायची औषधे भारतात आली. ती भूक मंदावतात व जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. त्यामुळे पूर्वतपासणीच्या वेळीच दीर्घकालीन उपचाराचा व खर्चाचा विचार करावा लागतो.

कायदेशीर चौकट

प्रसूतीनंतर रुग्णालयात दाखल झालेल्या एका महिलेवर डॉक्टर हजर नसताना दूरध्वनीवरील सूचनांनुसार उपचार झाले व तिचा मृत्यू ओढवला. रत्नागिरी येथील या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये संबंधित डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर दूरसल्ल्याच्या वैधतेविषयी वैद्यक क्षेत्रात संभ्रम निर्माण झाला.

२५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी हा संभ्रम बऱ्याच अंशी दूर केला. त्यांतील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

- केवळ नोंदणीकृत डॉक्टरच सल्ला देऊ शकतो. चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक असणे आवश्यक आहे.
- डॉक्टर व रुग्ण या दोघांनाही परस्परांची ओळख पटली पाहिजे. रुग्णाचे वय निश्चित करावे लागते.
- कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीस रुग्णाला सल्ला देण्याची वा औषध लिहून देण्याची मुभा नाही. त्यामुळे केवळ प्रश्नावली भरून आपोआप मिळालेली चिठ्ठी ग्राह्य ठरत नाही.
- प्रत्यक्ष तपासणी आवश्यक वाटल्यास डॉक्टर दूरसल्ला कोणत्याही टप्प्यावर थांबवू शकतो.
- औषधांची विभागणी याद्यांमध्ये केलेली आहे. पहिल्याच सल्ल्यात चिठ्ठीवरची औषधे द्यायची असल्यास तो सल्ला व्हिडिओद्वारे व्हावा लागतो आणि औषध तुलनेने सुरक्षित वर्गातील असावे लागते.

या शेवटच्या वर्गाच्या उदाहरणांत वजन घटवण्याच्या इंजेक्शनांचा उल्लेख नाही. म्हणून पहिली चिठ्ठी प्रत्यक्ष तपासणीनंतर देणे व पुढील पाठपुरावा दूरसल्ल्याने करणे, हा सावध मार्ग ठरतो. याशिवाय १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात स्थूलतेचा समावेश असल्याने ती बरी करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे.

पात्रतेचे निकष

मुख्य निकष शरीर वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) हा आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता तो मिळतो. ही औषधे साधारणतः ३० वा त्याहून अधिक निर्देशांकासाठी, किंवा मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखा वजनाशी निगडित विकार असल्यास २७ पासून पुढे मान्य आहेत. भारतीयांमध्ये मात्र २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता मानली जाते. पुरुषांत ९० सेंटीमीटर व स्त्रियांत ८० सेंटीमीटर कंबरेचा घेर ही धोक्याची मर्यादा समजली जाते. अर्थात, भारतीय निकषानुसार स्थूल असलेली प्रत्येक व्यक्ती औषधास पात्र असतेच असे नाही.

निर्देशांकाची मर्यादा पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये दाखवून दिली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते.

औषध टाळण्याची कारणे

पूर्वतपासणीत पुढील बाबी स्पष्टपणे विचारल्या जातात :

- स्वतःला वा कुटुंबात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला आहे काय
- पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला आहे काय, तसेच पित्ताशयात खडे आहेत काय
- गर्भारपण, स्तनपान किंवा नजीकच्या काळात अपत्याचा विचार आहे काय. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावे लागते
- गर्भनिरोधक गोळ्या सुरू आहेत काय; टिरझेपाटाइडमुळे त्यांचा परिणाम कमी होऊ शकतो
- इन्सुलिन वा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या सुरू आहेत काय. त्यांच्यासोबत रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते
- मधुमेहामुळे दृष्टिपटलावर परिणाम झाला आहे काय
- उपाशी राहणे किंवा खाऊन मुद्दाम उलटी करणे यांसारखा आहारविषयक मानसिक विकार आहे काय

दूरसल्ल्याच्या मर्यादा

दूरसल्ल्यात वजन व उंची बहुधा रुग्णाच्या सांगण्यावरच विसंबून असतात. ७० किलो वजनाच्या व्यक्तीची उंची १६० सेंटीमीटर धरल्यास निर्देशांक २७.३ येतो, १६२ धरल्यास तो २६.७ होतो. दोन सेंटीमीटरच्या चुकीने पात्रता बदलू शकते. रक्तदाब, मानेतील गाठ, पोटाचा दुखरेपणा व स्नायूंची ताकद यांची विश्वासार्ह तपासणी पडद्यावरून होत नाही. रुग्णाने कॅमेऱ्यासमोर वजनकाट्यावर उभे राहणे आणि रक्तातील साखर, मूत्रपिंड व यकृत यांच्या चाचण्यांचे अलीकडचे अहवाल पाठवणे, या उपायांनी ही उणीव काही प्रमाणात भरून निघते.

मुंबई उपनगरांतील संदर्भ

मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तीन तालुके आहेत. घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात मोडतात. या भागात विलेपार्ले येथील कूपर, घाटकोपर येथील राजावाडी व कांदिवली येथील शताब्दी ही महापालिकेची रुग्णालये आहेत. दुर्गम भागात दूरसल्ला हाच कित्येकदा एकमेव आधार असतो. उपनगरांत मात्र प्रत्यक्ष तपासणी आवाक्यात असते. त्यामुळे येथे दूरसल्ला हा तपासणीचा पर्याय न ठरता तिला पूरक ठरू शकतो.

पाठपुरावा

औषधाची मात्रा अल्प प्रमाणापासून सुरू करून साधारणतः दर चार आठवड्यांनी वाढवली जाते. मळमळ, बद्धकोष्ठता व जुलाब हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. पाठीकडे जाणारी तीव्र पोटदुखी, न थांबणाऱ्या उलट्या किंवा दृष्टीत अचानक बदल झाल्यास पुढील दूरसल्ल्याची वाट न पाहता रुग्णालयात जाणे आवश्यक असते. वजनासोबत स्नायूही घटत असल्याने पुरेशी प्रथिने व व्यायाम यांचा सल्ला दिला जातो. शस्त्रक्रिया ठरल्यास हे औषध सुरू असल्याचे भूलतज्ज्ञास आधी कळवावे लागते.