नवजात बालकाचें वजन

सन २०१७ च्या सप्टेंबरांत नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाचें नांव सर्व वृत्तपत्रांत आलें, हें श्रोत्यांच्या स्मरणांत असेल. तेथील नवजात अर्भकांच्या कक्षांत ऑगस्टच्या एका महिन्यांत ५५, आणि एप्रिलपासून १८७ बालकें दगावल्याचें प्रसिद्ध झालें होतें. कक्षांत काचेच्या पेट्या १८, आणि बालकें कितीतरी अधिक. तेव्हां एकेका पेटींत एकाहून अधिक बालकें ठेवावीं लागत. पेट्या वाढवाव्या अशी मागणी झाली, व ती रास्तच होती. परंतु त्या बालकांपैकीं पुष्कळशीं अपुऱ्या दिवसांचीं व अपुऱ्या वजनाचीं होतीं. हा अपुरेपणा पेटीपाशीं सुरू झालेला नव्हता.

काचेची पेटी ही कल्पना तशी जुनी. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ तार्निए यांनीं तेथील प्राणिसंग्रहालयांत कोंबडीचीं अंडीं उबविण्याचें यंत्र पाहिलें आणि १८८० च्या सुमारास त्याच धर्तीची पेटी मानवी अर्भकांकरितां करविली. वजनाची रेषा त्यानंतरची. फिनलंडचे बालवैद्य आर्वो इल्पो यांनीं १९१९ सालीं २५०० ग्रॅम ही मर्यादा धरली. तेवढें किंवा त्याहून हलकें तें मूल 'अकाली' जन्मलेलें. १९४८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनेंहि हीच व्याख्या स्वीकारली. भारतासारख्या देशांत मात्र तिनें घोटाळा केला. येथें नऊ महिने पूर्ण भरलेलीं असंख्य बालकेंहि त्या रेषेखालीं पडत. तीं लवकर आलेलीं नव्हतीं. गर्भांतच त्यांची वाढ खुंटली होती. अखेर १९६१ सालीं संघटनेनें अशा बालकांस 'अकाली' न म्हणतां 'कमी वजनाचें' म्हणावें असें ठरविलें. बदल एका शब्दाचा. पण त्यानें हा प्रश्न रुग्णालयांतून स्वयंपाकघराकडे आणि शेताकडे नेला.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत तो तेथेंच शोधला गेला. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा आहार, त्यांचे कष्ट आणि पुढें त्यांच्या बालकांचें वजन यांची नोंद ठेविली. सरासरी भरली २६६५ ग्रॅम. म्हणजे तेथील सर्वसाधारण बालकहि रेषेच्या कांठावरच. नवल असें कीं, एकूण अन्न किती पोटांत गेलें याचा वजनाशीं फारसा मेळ बसला नाहीं. दूध, पालेभाजी आणि फळें ज्यांच्या ताटांत अधिक वेळां आलीं, त्यांचीं बालकें भरदार निघालीं. अधिक राबणाऱ्यांचीं हलकीं.

नाशिकच्या पश्चिमेस पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या डोंगरी तालुक्यांत हें सहज पटावें. नागली आणि भात हें तेथील अन्न. पावसाळ्यांत आवणी, पुढें दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरी. दिवस गेलेल्या सुनेची त्यांतून सुटका क्वचितच. शिवाय पोटभर जेवल्यास मूल मोठें होऊन बाळंतपण अडतें, ही समजूत पुष्कळ घरांत आढळते. तिला केवळ अडाणीपणा म्हणून हिणवूं नये. दवाखाना दूर असला म्हणजे अडलेल्या बाळंतपणाची भीति खोटी नसते. २०१५ पासून राज्य सरकारनें अमृत आहार योजनेंतून आदिवासी भागांतील अंगणवाड्यांत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचें पूर्ण जेवण देण्यास आरंभ केला, तो यासाठींच.

जीं हलकीं जन्मलींच, त्यांचें काय? गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ खेड्यांत गांवच्याच स्त्रियांना शिकवून तयार केलें. त्या घरीं जाऊन बाळाला तोलीत, उबदार पिशवींत ठेवीत, अंगावर पाजण्यास आईला साह्य करीत आणि जंतुसंसर्ग दिसल्यास औषध देत. तिसऱ्या वर्षीं तेथील नवजात बालकांचे मृत्यु, तुलनेसाठीं घेतलेल्या खेड्यांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं उतरले. १९९९ मध्यें 'लॅन्सेट'नें हा वृत्तान्त छापला. २०११ पासून केंद्र सरकारनें हेंच काम देशभर आशा कार्यकर्तींकडे सोंपविलें: रुग्णालयांतून घरीं आलेल्या बाळंतिणीकडे ४२ दिवसांत सहा भेटी, आणि भेटीस जातांना झोळींत बाळाला तोलण्याचा कांटा.