सोंग कोणाचे, कैफियत कोणाची

पालघरजवळच्या माहीमचा इतिहास सांगताना ‘महिकावतीची बखर’ निघतेच. वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ साली प्रसिद्ध केली. बिंब राजाबरोबर उत्तर कोकणात कोणती कुळे आली, कोण सोमवंशी, कोण सूर्यवंशी, याची मोजदाद तिच्यात आहे. पानवेलींच्या या किनाऱ्यावर वंशाचा अभिमान आजही तिच्या आधाराने सांगितला जातो. डोंगरातल्या वारली-कोकणा आदिवासींची बाजू ऐकायची तर कागद सोडून जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्याला जावे लागते. तिथे रात्री गावकरीच मुखवटे चढवतात आणि गणपतीपासून रावणापर्यंत सगळे वाजतगाजत नाचवतात. देव आणि राक्षस, दोन्ही गावातलेच!

पण बोहाड्यात गाऱ्हाणे मांडले जात नाही. जातीची कैफियत मराठी नाटकात आणली ती जोतीराव फुल्यांनी. मराठीतले पहिले नाटक मानले जाणारे विष्णुदास भाव्यांचे ‘सीता स्वयंवर’ १८४३चे. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८५५ साली, जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. ग्रहांची भीती घालून एक जोशी गरोदर कुणबिणीच्या घराला लुबाडतो, विदूषक मधूनमधून त्याचे बिंग फोडतो, आणि शेवटी ते नवराबायको शाळेची वाट धरतात. पुस्तकांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने नाटक नाकारले. ते छापले गेले थेट १९७९ साली! मराठी रंगभूमीचे केवढे नुकसान झाले असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. याच जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. वर्ण आणि वंश हे एकाच अन्यायाचे दोन चेहरे आहेत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

नाटक कपाटात राहिले, तरी विचार तमाशाच्या फडात शिरला. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचे जलसे गावोगाव फिरले. पुढे १९३०च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. ढोलकी जुनीच होती. वगात मात्र राजाराणीऐवजी पाणवठा, शाळा, दारू हे विषय आले. ज्यांनी हे भोगले तेच गात होते आणि समोर बसलेलेही तेच होते.

तिकिटाच्या नाट्यगृहात हे गणित बिघडले. विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ने १९८३ साली दलित तरुणाला ज्या रंगात दाखवले, त्यावरून मोठा वाद पेटला. तेंडुलकरांवर चप्पल फेकली गेली. त्याच नाटकाला पुढे सरस्वती सन्मानही मिळाला. नाटक कसदार होते, पण त्यातल्या दलिताकडे पाहणारी नजर बाहेरची होती. वाद झाला हेही नाटकाचेच यश म्हणायचे.

२०१२च्या ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ने बाहेरच्या नजरेचा तो प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. राजकुमार तांगडे यांचे लेखन, संभाजी भगत यांचे संगीत, नंदू माधव यांचे दिग्दर्शन, आणि रंगमंचावर जालन्याकडची गावाकडची पोरे. हसवत हसवत त्याने जातीवर बोट ठेवले. शहरातल्या प्रेक्षकांनीही ते उचलून धरले. नाटक हे माध्यम आजही जातीच्या चर्चेत भर घालते, फक्त ते भोगणाऱ्याच्या हातात असायला हवे.

पालघरला अशा नाटकासाठी विषय शोधायला नको. लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे राबणारे लग्नगडी आणि १९४५चा वेठबिगारीविरुद्धचा वारल्यांचा लढा, दोन्ही याच मातीतले. त्यांची नातवंडे आज शिकलेली आहेत. त्यांनी यावरचे नाटक आपल्या बोलीत लिहावे आणि माहीम-पालघरच्या नाट्यप्रेमींनी त्यांना तालमीला जागा द्यावी.