मूळ गाव, कूळ आणि टॅग

त्र्यंबकेश्वरला कुशावर्त कुंडावर स्नान करून तीर्थश्राद्धाला बसलं की बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची नावं गोत्रासकट सांगावी लागतात. बापाचं नाव तोंडावर असतं, आज्याचं आठवतं. पणज्यापाशी पुष्कळांची गाडी अडते. अशा वेळी तिथले तीर्थोपाध्ये आडनाव आणि मूळ गाव विचारतात. तेवढ्यावर कुळाच्या नोंदींची नेमकी वही निघते आणि पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, हे वाचून दाखवलं जातं. जुनी पानं मोडीत असतात. निघण्यापूर्वी यजमानाने आपली आणि मुलाबाळांची नावं खाली लिहायची.

नुसत्या आडनावाने हे जमलं नसतं. कुलकर्णी, देशमुख, पाटील ही तर वतनांची नावं. प्रत्येक गावाला पाटील होताच. म्हणून जोडीला मूळ गाव लागतं, आणि कधी जातही विचारतात. शिवाय हे ‘मूळ’ गाव आहे, राहतं गाव नव्हे. माणूस मुंबईला गेला, मुलगा अमेरिकेत स्थिरावला, तरी वहीतलं गाव हलत नाही. यात उपाध्यायांचा व्यवहारही आहे: गावं आणि कुळं त्यांच्या घराण्यांत वाटलेली, त्यामुळे यजमान कोणाचा आणि दक्षिणा कोणाकडे, हेही त्याच खुणेवर ठरतं. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वंशावळ संस्थेने भारतातल्या तीर्थक्षेत्रांच्या अशा वह्यांचं मायक्रोफिल्मिंग केलं. फिल्ममध्ये पानं उतरली. कोणत्या कुळाला कोणती वही काढायची, ही उपाध्यायांच्या डोक्यातली अनुक्रमणिका कॅमेऱ्यात येत नाही.

नुसत्या नावावरून किंवा राहत्या जागेवरून ओळख न पटण्याची ही अडचण संगणकांच्या जगाला फार उशिरा भेटली. सर्व्हर लोखंडी पेटी होता तोवर त्याचा पत्ता म्हणजे रॅकमधली जागा. मग एका पेटीत अनेक आभासी यंत्रं चालू लागली. 2003 मध्ये अशा यंत्रांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरने व्हीमोशन आणलं, आणि चालू यंत्र बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येऊ लागलं. आता जागेवरून ओळख पटेना. लोकांनी सगळी माहिती नावातच कोंबली: शहर, विभाग, काम, क्रमांक. विभाग बदलला की नाव खोटं पडे. फोल्डर करावेत, तर एकच यंत्र पुण्याचंही असतं, हिशेब विभागाचंही आणि चाचणीचंही. ते ठेवायचं कुठे?

वेबवर याचं उत्तर रुळत होतं. जोशुआ शाक्टर यांच्या डेलिशस या दुवे साठवण्याच्या संकेतस्थळावर 2003 पासून लोक एकाच दुव्याला हवे तितके टॅग, म्हणजे खुणेचे शब्द, लावत होते. पुढच्याच वर्षी आलेल्या फ्लिकरवर फोटोंना. अ‍ॅमेझॉनची आभासी यंत्रं भाड्याने देणारी ईसी२ सेवा 2006 ची, पण तिथल्या यंत्रांना टॅग मिळाले 2010 मध्ये. व्हीएमवेअरने 2012 च्या व्हीस्फिअर 5.1 मध्ये ते आणले, आणि त्यात एक शहाणपणाची सोय केली: टॅगचा प्रवर्ग आधी ठरवायचा आणि त्यातला एकच टॅग लागेल की अनेक, तेही सांगायचं. यंत्र प्रत्यक्ष कामाचं की चाचणीचं, याचं उत्तर एकच हवं. मूळ गाव दोन सांगून चालत नाही तसंच. यंत्र कोणत्याही सर्व्हरवर हलवा, टॅग त्याला चिकटून जातो. बॅकअप कोणाचा घ्यायचा, खर्च कोणत्या विभागाच्या खात्यावर टाकायचा, हे त्यावरून ठरवता येतं.

माझ्या मते वहीची पद्धत एका बाबतीत सरस आहे. वाचणारा उपाध्याय आडनावाच्या लेखनातला फरक सांभाळून घेतो. अ‍ॅमेझॉनकडे तोच इंग्रजी शब्द मोठ्या आणि छोट्या अक्षराने लिहिला तर दोन वेगळे टॅग होतात. म्हणून आता कित्येक कंपन्या ठरलेले टॅग नसतील तर नवं यंत्र उभंच राहू देत नाहीत. तरीही मालकाच्या जागी नोकरी सोडून गेलेल्याचं नाव असलेली यंत्रं निघतातच. ती बंद करायला कोणी धजावत नाही, आणि बिल दरमहा येत राहतं.