शाहिराचा शोक आणि शाहिराची मागणी : नाशिक जिल्ह्यातील आंबेडकरी जलशाचा वारसा

नाशिक रोडजवळ, गोदावरीकाठी वसलेले एकलहरे हे गाव १९७० पासून औष्णिक वीज केंद्राचे, म्हणजे दगडी कोळसा जाळून वाफेवर वीज निर्माण करणाऱ्या केंद्राचे, गाव म्हणून ओळखले जाते. प्रथम प्रत्येकी १४० मेगावॅटचे दोन आणि पुढे १९७९ ते १९८१ या काळात प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच येथे उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर कामगारांची वसाहतही वाढली. अशा कामगार वसाहतींत १४ एप्रिलच्या भीमजयंतीला ढोलकीच्या साथीने जी गाणी गायिली जातात, त्यांतील फार मोठा वाटा याच जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी या गावी, १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेल्या वामन तबाजी कर्डक यांचा, म्हणजे वामनदादांचा असतो. १५ मे २००४ रोजी वामनदादांचे निधन झाले. तथापि त्यांचा शोक ज्या रीतीने केला गेला आणि आजही केला जातो, ती रीत त्यांच्या जन्माच्याही आधीपासून घडत आलेल्या एका परंपरेची आहे.

जलसा हा तमाशाच्या अंगाने जाणारा, गाणे, संवाद आणि फार्स यांचा मिळून झालेला लोकनाट्याचा प्रकार होय. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा हा साचा घेतला, त्यातील गण म्हणजे गणपतीला वंदन करणारे आरंभीचे गीत आणि गौळण म्हणजे कृष्ण व गवळणींची थट्टामस्करी यांना फाटा दिला किंवा त्यांचा अर्थ पालटला, आणि त्या जागी सावकारी, भिक्षुकशाही व शिक्षणाचा अभाव हे विषय आणले. १९३०च्या दशकाच्या आरंभी नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांनी (वामनदादांचे आडनाव तेच असले, तरी या दोन स्वतंत्र व्यक्ती होत) हाच साचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीसाठी वापरला. काळ त्याला अनुकूल होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता, दादासाहेब गायकवाड त्याची धुरा वाहत होते, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. वृत्तपत्र ज्यांच्या हाती पडत नव्हते आणि पडले तरी वाचता येत नव्हते, अशा हजारो माणसांपर्यंत या घटनांचा अर्थ पोचवण्याचे काम जलशाने केले. बाबासाहेबांनीही जलशाचे हे सामर्थ्य ओळखले होते, अशा आठवणी कार्यकर्त्यांमध्ये सांगितल्या जातात.

वामनदादांची जडणघडण पाहिली की या गाण्यांचे बळ कोठून आले हे कळते. देशवंडीहून पोटासाठी मुंबईला आलेला हा तरुण निरक्षर होता. चाळीत कोणीतरी त्यांना पत्र वाचून दाखवायला सांगितले, तेव्हा ते वाचता न आल्याची लाज त्यांना इतकी लागली की त्यांनी मुळाक्षरे शिकायला घेतली आणि जोडाक्षरांचा सराव रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचून केला. त्यांनी पहिले गीत १९४३ मध्ये रचले. पुढे ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ असे संग्रह निघाले. परंतु गावोगाव फिरताना केलेली त्यांची कितीतरी रचना छापील पानावर न येता गायकांच्या हस्तलिखित वह्यांत आणि कंठात राहिली.

या गीतांची घडण जवळून पाहण्याजोगी आहे. आरंभी ध्रुवपद येते, ते गायकाने एकदा म्हणताच साथीदार झेलतात. मग प्रत्येक कडव्यात एकच दाखला पुढे येतो आणि कडव्याची शेवटची ओळ ध्रुवपदाच्या यमकाला येऊन मिळते, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या कडव्यापासून सूर धरता येतो. शेवटच्या कडव्यात बहुधा नाममुद्रा असते, म्हणजे संतांच्या अभंगाप्रमाणे कवी स्वतःचे नाव गुंफतो. गायक बदलला, चाल बदलली, वही हरवली, तरी गाणे पूर्ण म्हणायचे झाल्यास कवीचे नाव उच्चारावेच लागते. शाहिराला आदरांजली वाहण्याची याहून पक्की सोय दुसरी नाही.

शोकाला चळवळीचे रूप देण्याची रीतही याच परंपरेत रुजली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अथांग जनसमुदायासमोर अंत्यसंस्कार झाले, आणि त्यानंतर निर्वाणगीतांचा एक स्वतंत्र प्रवाहच निर्माण झाला. बायकांनी जात्यावर दळताना म्हणायच्या ओव्यांतही बाबासाहेब आले. जलशाच्या फडात दीर्घकाळ स्त्रीची भूमिकाही पुरुषच करीत असल्यामुळे स्त्रीचा आवाज व्यासपीठावर उशिरा पोचला; पण जात्यापाशी तो आधीपासूनच मोकळा होता, आणि जलशाच्या इतिहासात या ओव्यांना अद्याप पुरेसे स्थान मिळालेले नाही, ही उणीव मोठी आहे.

प्रतिकार करणाऱ्या गायकाचा शोक जगात इतरत्र कसा झाला, याच्याशी तुलना केल्यास नाशिकच्या परंपरेचे वेगळेपण आणि तिच्यापुढचा धोका दोन्ही दिसतात. आयर्लंडची गायिका शिनेड ओकॉनर हिचे २६ जुलै २०२३ रोजी वयाच्या ५६व्या वर्षी निधन झाले. किशोरवयात ख्रिस्ती धर्मसंघाने चालवलेल्या सुधारगृहात राहिलेल्या या गायिकेने ३ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या थेट कार्यक्रमात पोपचे छायाचित्र फाडले आणि चर्चमधील बालकांच्या छळाकडे लक्ष वेधले. अवघ्या दोन आठवड्यांत न्यूयॉर्कच्या एका मोठ्या मैफलीत तिला श्रोत्यांच्या हुर्योला तोंड द्यावे लागले, आणि तिच्या लौकिकाला बसलेला तो धक्का पुढे अनेक वर्षे भरून निघाला नाही. चर्चच्या संस्थांमधील छळ दीर्घकाळ आणि सर्रास चालू होता, हे आयर्लंडच्या सरकारी चौकशी आयोगाने २००९ मध्ये सविस्तर नोंदवले. तिच्या मृत्यूनंतर मात्र तिच्या धैर्याची स्तुती सगळीकडून झाली. जिवंतपणी जे बोलल्याबद्दल शिक्षा दिली, त्याच बोलण्याचा मृत्यूनंतर गौरव करायचा, हा शोक खरा असला तरी तो फार उशिरा येतो.

वामनदादांना त्यांच्या श्रोत्यांनी कधी झिडकारले नाही. त्यांच्यावर लोकांचे प्रेम अखेरपर्यंत राहिले. धोका आहे तो निवडीचा. बाबासाहेबांच्या गौरवाची त्यांची गीते जयंतीला उत्साहाने गायिली जातात. पण टाटा, बिर्ला आणि बाटा यांच्या संपत्तीत कष्टकऱ्याचा वाटा कोठे आहे असा थेट जाब विचारणारे त्यांचे गीत, आणि १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाच्या फाटाफुटीबद्दल आपल्याच पुढाऱ्यांना सुनावणारी त्यांची रचना ही त्या गौरवगीतांइतकीच महत्त्वाची आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली ती पडीक जमिनीच्या मागणीसाठी. त्या मागणीचे गाणे वगळून केवळ वंदनेचे गाणे गायिले, तर शाहिराचा पुतळा उभा राहतो आणि त्याचे म्हणणे खाली राहते. एकलहऱ्यासारख्या ठिकाणी, जेथे जमीन दिलेले प्रकल्पग्रस्त आणि पाळीवर राबणारे कंत्राटी कामगार शेजारी शेजारी राहतात आणि जुने संच बंद पडल्यावर ६६० मेगावॅटच्या नव्या संचाची मागणी वर्षानुवर्षे चालू आहे, तेथे वाट्याचा हा प्रश्न जुना झालेला नाही.

जलशांतून गायिलेल्या वृद्ध कलावंतांच्या वह्या अजूनही नाशिक, निफाड, सिन्नर आणि येवला तालुक्यांतील घराघरांत ट्रंकेत पडून आहेत. ज्या घरात अशी वही असेल त्यांनी ती रद्दीत न घालता नाशिकच्या १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेकडे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे न्यावी, तिची प्रत काढून घ्यावी, आणि येत्या १५ मे रोजी वामनदादांच्या स्मृतिदिनी गौरवाच्या गीताबरोबर जाब विचारणारे निदान एक गीत शेवटच्या कडव्यापर्यंत गावे.