मॅकडॉनेल, जॉन
(१९३८–२०२१). दीर्घ पल्ल्याच्या धावकांचे आयरिश-अमेरिकन प्रशिक्षक. आयर्लंडच्या मेयो परगण्यात जन्मलेल्या मॅकडॉनेल यांनी १९७२ मध्ये आर्कान्सा विद्यापीठाच्या क्रॉसकंट्री संघाची सूत्रे हाती घेतली आणि २००८ मध्ये निवृत्त होईतो, नियमभंगापायी रद्दबातल ठरलेली दोन अजिंक्यपदे वगळूनही, विद्यापीठाच्या दप्तरी ४० राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपदे जमा केली. त्यांपैकी बंदिस्त मैदानावरील १९८४ ते १९९५ ही १२ वर्षांची अखंड मालिका खरोखर अपूर्व होय. मायदेशातून आणलेल्या धावकांवर त्यांची प्रारंभीची भिस्त होती, व त्यांतील फ्रँक ओमारा यांनी ३,००० मीटरचे जागतिक बंदिस्त विजेतेपद १९८७ व १९९१ मध्ये पटकावले. बार्सेलोना ऑलिंपिकमधील तिहेरी उडीचे सुवर्णपदकविजेते माइक कॉनली हेही याच विद्यापीठाचे. मात्र उड्यांच्या शिक्षणाचे श्रेय न्यायतः सहकारी डिक बूथ यांच्याकडे जाते.